जिनातला म्हातारपणाचा फंड

२ जानेवारी १९३९, सोमवार. नंदुरबार.

आजपासून रोजनिशी. आजच सुरू करण्याचं कारण म्हणजे आज माझ्या आयुष्याला वळण लागलं. (हे वाक्य पुढे चरित्रात घ्यावे.)

आमच्या कापसाच्या जिनिंग-प्रेसिंगचे मालक त्रिकमशेठ यांनी मला आत बोलावून खुर्चीवर बसायला सांगितलं. एकोणीस वर्षांत दुसऱ्यांदा. पहिल्यांदा बसवलं होतं ते खुर्ची मोडकी आहे का हे बघायला.

प्रकरण असं. सुरतेच्या वकिलाने शेठजींना सांगितलं आहे की नोकरांसाठी प्रॉव्हिडंट फंड काढला आणि तो सरकारात मंजूर झाला, तर इन्कमटॅक्समध्ये सूट मिळते. फंड म्हणजे पगारातून रुपयामागे एक आणा कापायचा, तेवढाच शेठजींनी आपल्याकडून घालायचा, आणि माणूस म्हातारा होऊन घरी बसला की सगळं व्याजासकट त्याच्या हातात. शेठजींचं लक्ष त्या सवलतीवर आहे. माझं माणुसकीवर. नियम मी लिहायचे. नीट चाललं तर आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, हिंमतराव सुपडू पाटील हे फंडाचे सेक्रेटरी, आणि अडतीस रुपयांचे पंचेचाळीस.

घरी सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, मग गाठी कोण मोजणार? दृष्टीच नाही.

निश्चय: पहाटे पाचला उठणे. तंबाखू बंद. घरात अहिराणी बंद, शुद्ध मराठी. सेक्रेटरीच्या घरात 'शे' आणि 'नही' शोभत नाही.

३ जानेवारी

सात वाजता उठलो. विचार मात्र पाचपासूनच चालू होते. तंबाखू थोडी, लिहिण्यापुरती. सौ. शुद्ध मराठी बोलायचं म्हणून दिवसभर बोललीच नाही. घर इतकं शांत कधी नव्हतं.

६ जानेवारी, शुक्रवार

नियम पूर्ण. नमुना म्हणून अहमदाबादेच्या एका गिरणीचे छापील नियम शेठजींनी मागवून दिले होते. वाचून वाईट वाटलं. काय ती संशयी भाषा. माणूस पाच वर्षं टिकला तरच मालकाचा हिस्सा मिळेल म्हणे. हंगामी मजुरांना प्रवेशच नाही. कायद्याच्या नावाखाली माणसाला चोर समजायचं. ही दोन्ही कलमं मी काढून टाकली आणि त्यांच्या जागी माझं एकच सुटसुटीत कलम घातलं: जो कोणी काम सोडील त्याला त्याच दिवशी त्याची सर्व रक्कम मालकाच्या हिश्श्यासह रोख मिळेल. वाचून माझाच ऊर भरून आला.

शेठजींनी न वाचता सही केली. माझ्यावर केवढा भरवसा. नक्कल सुरतेच्या वकिलाकडे पाठवायची आहे. तिकीट आणायचं राहिलं.

९ जानेवारी, सोमवार

दुपारच्या सुटीत जिनाच्या पटांगणात भाषण. सरकीच्या पोत्यांवर उभा राहिलो. म्हातारपण, गलितगात्र अवस्था, सुनांचे टोमणे, सगळं डोळ्यांपुढे उभं केलं. शेवटी 'बोला, कोण कोण मेंबर होणार?' असं विचारलं. कोणी नाही. भोंगा व्हायच्या आधीच निम्मे भाकरीकडे गेले होते.

थांबली ती एकटी सुंदरबाई. ही बॉयलरच्या भिला फायरमनची बायको. जिनांवर कपास टाकणाऱ्या साऱ्या बायका तिच्या शब्दात आहेत. तिने एकच प्रश्न विचारला. 'भाऊसाहेब, मानूसनी काम सोडं का त्याले त्याच दिन पैसा भेटतीन ना? शेठना भी?'

मी म्हातारपणावर बोलतोय आणि हिला काम सोडण्याची घाई. तरी शांतपणे सांगितलं की होय, त्याच दिवशी, शेठजींचेही. तिने ते दोनदा वदवून घेतलं आणि गेली. अडाणीपणाला काय म्हणावं.

रात्रीच्या जेवणाआधी. एक गोष्ट लिहून ठेवतो, इथे कोण वाचणार आहे. धाकटा भाऊ उखा ब्राह्मणपुरीला शेती करतो. माझ्या वाट्याचीही तोच करतो. नोकरीला लागलो तेव्हा तो हसत म्हणाला होता की दादा, म्हातारपणी परत मन्हा दारमाच येशी. थट्टेत म्हणाला. पण मी विसरलो नाही. मला त्या दारात जायची भीती वाटते. हा फंड झाला तर मी माझ्या पैशावर म्हातारा होईन आणि उखालाच आंबे विकत घेऊन पाठवीन.

१४ जानेवारी, शनिवार. संक्रांत.

घरीसुद्धा फंड सुरू केला. घरखर्चाच्या रुपयामागे एक आणा सौ.ने डब्यात टाकायचा, एक मी टाकायचा. नियम तेच. सौ.ने कलम नीट वाचून दाखवायला लावलं, मग तिळगुळ दिला. घरापासून सुधारणा ती अशी.

१ फेब्रुवारी, बुधवार

पहिली कपात. मेंबर: मी, भिला (बॉयलरपाशी दोन तास उभं राहून समजावलं, शेवटी उकाड्याने त्याने अंगठा दिला), आणि धडगावकडचे उदेसिंग वगैरे चार डोंगरी गडी. हे जिनामागे झोपड्या करून राहतात आणि होळीपर्यंत काम करतात. त्यांना माझं भाषण समजलं नसावं. म्हणूनच पटलं असावं.

सहा मेंबर म्हणजे सुरुवात वाईट नाही. मोठमोठ्या संस्था अशाच निघतात.

वकिलाचं पाकीट तयार आहे. तिकीट उद्या.

२ मार्च, गुरुवार

सकाळी उदेसिंग आला. बोलणं भिलाने समजावून दिलं. म्हणे होळी जवळ आली, तो घरी निघाला, काम सोडतोय, पैसे द्या.

 मग एकदम लख्ख प्रकाश पडला. अरे, हा तर आपल्या फंडाचा पहिला निवृत्त सभासद. खानदेशातल्या जिनात फंडातून पहिली निवृत्ती, आणि तीही माझ्या हातून. त्याचं वय असेल बाविसाच्या आसपास, पण माझ्या नियमांत वयाची अट नाही. उद्या समारंभ. शेठजींना कसंबसं तयार केलं.

३ मार्च, शुक्रवार

समारंभ अपूर्व. उदेसिंगला पोत्यावर बसवला, झेंडूचा हार घातला, कपाळाला कुंकू. मी 'दीर्घ सेवेनंतरची विश्रांती' या विषयावर बोललो. उदेसिंगने मध्येच विचारलं की हे कधी संपेल, वाट लांबची आहे. मग शेठजींच्या हातून सर्वांसमक्ष रक्कम दिली. त्याची कापलेली, आणि वर तेवढीच शेठजींची. त्याने मोजली आणि हसला, हारासकट धावतच निघाला.

पटांगणात बायका, गडी, गाडीवान, सगळे टक लावून बघत होते. विशेषतः पैसे देताना. सुंदरबाई बायकांच्या कानात काहीतरी सांगत होती. माझ्या भाषणातलंच असावं.

६ मार्च, सोमवार

काय लिहू. आज सकाळी फाटक उघडायच्या आधी माझ्या टेबलापुढे रांग. सगळ्यांना मेंबर व्हायचंय. माझं जानेवारीतलं भाषण लोणच्यासारखं मुरायला वेळ लागला, एवढंच. अंगठे घेता घेता शाईचा पॅड वाळला. शेवटी सुंदरबाईने काजळाची डबी पुढे केली.

आनंदाने दुपारी तंबाखू जास्त झाली.

१४ मार्च, मंगळवार

उदेसिंग पुन्हा कामावर दिसला. मी त्याला बाजूला घेऊन समजावलं की बाबा, तू निवृत्त आहेस. तो हसला. भिला म्हणाला, होळी झाली, आता काय करणार घरी बसून. निवृत्त माणसाचंही कामावर केवढं हे प्रेम. शेठजींना सांगितलं तर ते म्हणाले, गडी चांगला आहे, घ्या. उदेसिंगने लगेच फंडाचा अंगठाही दिला. याला म्हणतात काटकसरीचं वेड.

१ एप्रिल, शनिवार

जिनातला एकूण एक माणूस मेंबर. फाटकावरचा म्हातारा पहारेकरी करणसिंगसुद्धा, ज्याला फंड म्हणजे काय हे मी विचारलं तर 'आखाजीनं', म्हणजे आखाजीचं, एवढंच म्हणाला. बोलता बोलता झोप लागते त्याला.

आणखी एक. सुंदरबाई साऱ्या बायका घेऊन आली. त्यांची मागणी की एका आण्याऐवजी दोन आणे कापा. मी आयुष्यात ऐकलं नव्हतं की मजूर स्वतः म्हणतो माझा पगार जास्त कापा. डोळ्यांत पाणी आलं. लगेच नियम दुरुस्त केला. शेठजींचा हिस्साही अर्थातच दोन आणे. शेठजी जरा कुरकुरले, पण मी टॅक्समधल्या सवलतीचा आकडा सांगितला.

बायकांनी आखाजीची तारीखही विचारून घेतली. बावीस एप्रिल, शनिवार. एवढ्या कामातही सणावाराची आस्था.

५ एप्रिल, बुधवार

घरी एक खटका. सौ.ला हे सगळं मोठ्या उत्साहाने सांगत होतो. ती भाकरी थापता थापता थांबली आणि शुद्ध मराठीचा निश्चय मोडून म्हणाली, 'आयका का, हाई ते सालदारनी रीत व्हयनी.'

आमच्याकडे शेतात सालदार ठेवतात. वर्षभरासाठी बांधलेला गडी. त्याचं साल आखाजीला संपतं. त्या दिवशी मालक हिशोब करून हातात देतो, गडी मोकळा होतो, आणि दोनचार दिवसांत नारळ फोडून नवीन साल ठरतं, पुष्कळदा त्याच मालकाकडे. हे मला ठाऊक नाही का. मी गावात वाढलो आहे. उखा दर आखाजीला हेच करतो. पण सालदारी ही शेतातली गोष्ट आणि प्रॉव्हिडंट फंड ही आर्थिक शास्त्रातली. दोन्हींचा काय संबंध. मी सौ.ला म्हटलं की तू यात पडू नकोस. ती म्हणाली पडत नाही, मी माझा डबा सांभाळते.

१० एप्रिल, सोमवार

शेठजी इतके खूश आहेत की त्यांनी शहाद्याच्या आणि खापरच्या जिनमालकांना आपला फंड बघायला बोलावलं आहे. दिवस ठरला एकवीस एप्रिल, शुक्रवार. दुसऱ्या दिवसापासून आखाजीची सुटी, म्हणून आदल्या दिवशी. त्याच सभेत माझी सेक्रेटरी म्हणून घोषणा. शेठजी म्हणाले की हिंमतराव, तुम्ही जरा चांगला कोट घालून या. कोट चांगला नाही. हिवाळ्यातला आहे. घालीन.

भाषण लिहायला घेतलं. सुरुवात जमली: 'मित्रहो, मजूर बदलतो आहे.'

वकिलाच्या पाकिटावर तिकीट लावलं. आता पेटीत टाकायचं तेवढं राहिलं.

१९ एप्रिल, बुधवार

मुलगी दगू आखाजीला माहेरी आली. चिंचपाड्याला जावई मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर आहेत. तिला सांगितलं की तुझा बाप आता सेक्रेटरी होतोय. ती म्हणाली, म्हणजे आता गाठी नाही मोजणार का? आईवर गेली आहे.

२० एप्रिल, गुरुवार

सकाळी सौ.ने स्वयंपाकाचा राजीनामा दिला. काम सोडलं म्हणाली, फंड काढा, शेठजींच्या हिश्श्यासह. या घरात शेठजी मीच. मी हसून बघितलं, रागावून बघितलं, कलमांचा वेगळा अर्थ लावून बघितला. चूल थंडच. शेवटी डब्यातले सगळे पैसे दिले. ती दगूला घेऊन बाजारात गेली, हातभर बांगड्या भरून आली आणि दुपारी पुन्हा स्वयंपाकाला लागली. वरण फार सुंदर झालं होतं.

थट्टा आहे झालं. मोठ्या संस्थेत असं होत नसतं.

२१ एप्रिल, शुक्रवार. दुपार.

कोट न काढताच लिहितो.

सकाळी साडेनऊला शहाद्याचे शेठ आणि खापरचे शेठ मोटारीतून आले. मी हिवाळी कोटात फाटकावर. ठरलं होतं की पाहुणे आत शिरताच भोंगा वाजवून सलामी द्यायची. भोंगा वाजला नाही. चौकशी केली तर भिलाने बॉयलर विझवलेला. तो हातपाय धुऊन, धुतलेला सदरा घालून माझ्या टेबलापुढे उभा. म्हणाला, 'भाऊसाहेब, मी काम सोडस.'

मी म्हटलं, पाहुणे गेल्यावर बोलू. तर त्याच्यामागे सुंदरबाई. तिनेही काम सोडलं. तिच्यामागे साऱ्या बायका, त्यांच्यामागे गाठी बांधणारे, ओढणारे, झाडणारे. उदेसिंग दुसऱ्यांदा निवृत्त व्हायला आलेला. त्याने हाराचं विचारलं. रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत. करणसिंगने काम सोडल्यामुळे फाटक सताड उघडं आणि त्यातून दोन शेळ्या आत येऊन रुई चाखत होत्या.

कोणी रागात नाही, भांडण नाही. सगळे सणासारखे नटलेले. हसताहेत, एकमेकांना पुढे ढकलताहेत. मी भिलाला विचारलं, अरे हे पैसे म्हातारपणासाठी होते ना?

तो मला समजावल्यासारखं म्हणाला, 'म्हतारपन कोनी दखं शे, भाऊसाहेब? आखाजी ते दर साल येस.'

खापरच्या शेठनी आमच्या शेठजींना विचारलं की हे असं रोजच असतं का. शहाद्याचे शेठ तोंडावर रुमाल धरून खांद्यांनी हलत होते. आमच्या शेठजींनी तिजोरीची किल्ली काढली. कलम त्यांच्या सहीचं. रोकड पुरेना म्हणून पेढीवर दोनदा माणूस पाठवावा लागला, आणि तो माणूसही जाण्यापूर्वी काम सोडून, पैसे घेऊन, मग गेला.

पैसे मिळाल्यावर बायकांनी मला मध्ये घेतलं. सुंदरबाईने माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि झेंडूचा हार घातला. म्हणाली की भाऊसाहेब, आजवर कोणी आमच्या लेकीबाळींच्या आखाजीची अशी सोय केली नव्हती. मग तिथेच फेर धरून गौराईची गाणी. मला फेरात ओढलं. कोट गरम होत होता. दोन फेऱ्या घेतल्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या असं वाटतं.

खरं सांगायचं तर हार चांगला होता.

भाषण झालं नाही. घोषणाही झाली नाही.

२१ एप्रिल. संध्याकाळ.

पाहुणे गेले. शेठजींनी आत बोलावलं. खुर्चीचं नाव नाही. उभ्यानेच ऐकलं. ते म्हणाले की हिंमतराव, तुमच्या डोक्यात सरकी भरली आहे का. बाकीचं गुजरातीत.

मी डगमगलो नाही. अशा वेळीच व्यवस्थापक कळतो. तिथल्या तिथे दोन नवीन कडक कलमं लिहिली. कलम पंधरा: काम सोडून परत येणारा माणूस नवा नोकर समजावा, त्याला नव्या माणसाचाच पगार मिळेल, मागची नोकरी धरली जाणार नाही. कलम सोळा: नव्या नोकरास पहिलं वर्षभर फंडात घेऊ नये. अपवाद नाही. अहमदाबादवाल्यांनाही असं सुचलं नसेल. शेठजींनी या वेळी दोनदा वाचलं, बोट ठेवून वाचलं, आणि सही केली. म्हणाले, आता बरोबर.

पण सरकीचा शब्द मनाला लागला. मी मानी माणूस आहे. टेबलाशी येऊन चार ओळींचा राजीनामा लिहिला. हा अर्थात डाव आहे. एकोणीस वर्षांचा माणूस जातो म्हटल्यावर शेठजी गहिवरतील, शब्द मागे घेतील, आणि त्याच गडबडीत सेक्रेटरीपदाचं उरकून घेता येईल.

शेठजींनी राजीनामा घेतला, वाचला, आणि माझा फंड मोजून हातात दिला. त्याच दिवशी, त्यांच्या हिश्श्यासह. नियमाप्रमाणे.

गहिवर आतून असावा. काही माणसं दाखवत नाहीत.

२२ एप्रिल, शनिवार. आखाजी.

शेठजींचा माणूस सकाळी यायला हवा होता. सण आहे, दुपारी येईल.

दिवस मात्र झकास गेला, नाही म्हणवत नाही. सौ.ने मातीच्या खापरावर पुरणपोळ्या केल्या, रुमालाएवढ्या. आमरस. निंबाला झोका बांधला होता, त्यावर दगू आणि शेजारच्या पोरी. जिनातल्या बायकाही गल्लीतून गात गेल्या, नव्या लुगड्यांत. प्रत्येकीच्या घरी लेक आलेली. सगळ्या माझ्या ओट्यापाशी थांबून गेल्या. सुंदरबाईची लेक तीन वर्षांनी आली आहे, येण्याजाण्याचा खर्च जमत नव्हता म्हणे. पोरगी माझ्या पाया पडली. मी तिला शंभर वर्षं जग म्हटलं. आत जाऊन डोळे पुसले. पुरणाची वाफ लागली होती.

माझ्या फंडाचं सौ.ला लुगडं, दगूला चोळी, मला टोपी. उरलेल्याचे पत्ते खेळलो. आजच्या दिवशी खेळतातच.

दुपारी उखा गाडीतून आंब्याची पाटी घेऊन आला. त्याला कसं कळलं कोण जाणे, पण येताच म्हणाला, 'दादा, मन्हा सालदार सोडी गया. जागा खाली शे. चालस का गावले?' सगळे हसले. मीही हसलो. मग अर्धी पोळी ताटात ठेवून उठलो. उखाने ते बघितलं असावं, कारण जाताना तो माझ्या पाया पडला आणि थट्टेचं मनावर घेऊ नको म्हणाला. त्याने अजूनच वाईट वाटलं.

शेठजींचा माणूस उद्या नक्की.

२३ एप्रिल, रविवार

कोणी नाही. सहज फिरायला म्हणून जिनाकडे गेलो. सहज परत आलो. संध्याकाळी पुन्हा सहज गेलो. करणसिंगच्या जागी फाटकावर कुलूप होतं.

सौ. म्हणाली की उद्या सगळे परत कामावर जाणार आहेत, तुम्हीही जा. मी म्हटलं, सेक्रेटरी रांगेत उभा राहत नसतो. ती म्हणाली, बरं, मग नका जाऊ, आणि कोट धुऊन ठेवते म्हणाली.

२४ एप्रिल, सोमवार

गेलो. बघायला म्हणून.

फाटकापाशी सगळे जमलेले. अजून महिनाभर पुरेल एवढी कपास आवारात पडून आहे, त्यामुळे शेठजींनाही माणसं हवीतच. नारळ फुटला, शेठजी टेबल मांडून बसले, नवीन साल ठरू लागलं. बायकांना मागच्यासारखीच रोजी, गड्यांना मागच्यासारखीच. रोजंदारीला जुना आणि नवा एकच दर असतो, हे माझ्या लक्षात रांगेत उभं राहिल्यावर आलं. (भिलाने हाताला धरून रांगेत घेतलं. 'या भाऊसाहेब, मन्हा मांगे उभा ऱ्हा' म्हणाला.)

भिलाचा मात्र पगार वाढत वाढत आलेला. शेठजींनी त्याला कलम पंधरा वाचून दाखवलं. भिला म्हणाला की मग बॉयलरही नव्या माणसाकडून पेटवून घ्या. शेठजींनी जुना पगार लावला. मला राहवलं नाही. मी रांगेतूनच म्हटलं की शेठजी, नियमात अपवाद नाही. शेठजींनी मान हलवली. म्हणाले, अपवाद फक्त बॉयलरचा. बाकी तुम्ही म्हणता तसं, अपवाद नाही.

मग माझा नंबर आला.

सगळ्या जिनात कलम पंधरा लागू पडेल असा पगार आता एकच उरला होता. नव्या कारकुनाचा दर पंधरा रुपये. एकोणीस वर्षांपूर्वी याच टेबलापाशी मी याच दराने लागलो होतो, तेव्हा घरी पेढे नेले होते. मी शेठजींना म्हटलं की निदान फंडाचं काम तरी माझ्याकडे राहू द्या. शेठजी म्हणाले, कोणता फंड? कलम सोळाप्रमाणे सगळे नवे, नव्यांना वर्षभर प्रवेश नाही. मी मनात फिरवून बघितलं. खरंच. फंड आता पूर्णपणे नियमात बसला आहे. त्यात एकही मेंबर नाही.

मागून सुंदरबाई म्हणाली की भाऊसाहेबांना घ्या हो शेठ, चांगला माणूस आहे. बाकीच्या बायकाही म्हणाल्या. माझ्यासाठी शिफारस चालली होती.

शेठजींनी बराच वेळ मला खालीवर बघितलं. मग म्हणाले, 'नवा माणूस आहे. महिनाभर काम बघू. पसंत पडलं तर कायम करू.'

आयुष्यात इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. मी नवी टोपी काढून हातात घेतली आणि म्हटलं, मन लावून काम करीन.